रेलपथ सायकलप्रवास

बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ व स्लीपर काढून त्याच्या भरावावर केलेल्या वाटेवरील दूरपल्ल्याचा सायकलप्रवास. आगगाडीसाठी चढ सौम्य व वळणे मोठी ठेवलेली असल्याने ही वाट नवख्यांनाही झेपते. अमेरिकेतील मिसूरी राज्यातली केटी ट्रेल सुमारे ३८५ किमी. लांब असून तिच्यावर चुनखडीची बारीक चुरी दाबून बसवली आहे.

वऱ्हाडात या दृष्टीने यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किमी.चा अरुंदमापी शकुंतला रेल्वेमार्ग महत्त्वाचा आहे. कापूस वाहून नेण्यासाठी बांधलेल्या या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावे. पुढे गाड्या थांबल्या. तो ब्रॉडगेज व्हावा, ही लोकांची रास्त मागणी आहे. नव्या आखणीत सुटणारा जुना भराव सायकलींसाठी राखणे हिताचे ठरेल.