ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार

खेड्यात इंटरनेटची वाट पाहण्याआधी माणसे टेलिफोनची वाट पाहत. अर्ज केल्यावर जोडणी मिळायला कित्येक वर्षे जात. 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूरला सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचे 128 जोडण्यांचे ग्रामीण एक्सचेंज बसले; धूळ आणि उकाडा सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे. 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट जनतेला खुले झाले, पण ते मोठ्या शहरांत.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. मुदती अनेकदा हुकल्या. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे लक्ष्य गाठायला 2017 चा डिसेंबर उजाडला.

उशिराचे एक कारण जमिनीतच होते. तालुक्याहून निघालेली तार झाडाच्या फांदीसारखी एकेका गावाकडे जाई. रस्तारुंदीकरणात जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावे बंद. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी, शेजारी बॅटरी, छतावर सौरपट्टी, आणि पेटीवरचा दिवा विझलेला, हे चित्र अनेक गावांनी पाहिले. शिवाय तार येई कार्यालयापर्यंतच. घरापर्यंतचे शेवटचे काही शे मीटर कोणी न्यायचे, हा खरा अवघड प्रश्न होता आणि त्याकडे फार उशिरा लक्ष गेले. दरम्यान 2016 नंतर स्वस्त मोबाइल डेटाने बऱ्याच गावांची गरज भागवली.

ऑगस्ट 2023 मध्ये सुमारे 1.39 लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तार वर्तुळाकार टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहते.