एकाच बाकावर

शाळेचा विषय निघाला कीं संत जॉन बाप्तिस्त द ला साल ह्यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं.

फ्रान्स देशांतील रँस नगरांत १६५१ सालीं एका धनवान कुळांत त्यांचा जन्म झाला. तेथील कॅथीड्रलचे ते कॅनन होते. विद्या, मान, उत्पन्न, कशाचीच वाण नव्हती. १६७९ सालीं गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढण्यास एक गृहस्थ त्या नगरांत आले, त्यांस ह्या तरुण धर्मगुरूंनीं हातभार लावला. शिक्षक मिळाले ते अर्धशिक्षित, रीतभातहि बेताचीच. त्यांस सालांनीं आपल्या पंक्तीस जेवूं घातलें, पुढें आपल्याच घरीं ठेविलें. आप्तजनांस हें मुळींच रुचलें नाहीं. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळांत आपली संपत्ति भाकरीच्या रूपानें गोरगरिबांस वांटून टाकिली.

त्या काळीं वाचनाचा आरंभ लॅटिनपासून होई. मजुराचें पोर लवकरच शाळा सोडून कामास लागणार. त्यास न समजणाऱ्या शब्दांचा काय उपयोग? म्हणून सालांच्या बंधूंनीं आधीं फ्रेंच शिकविलें.

खरा झगडा पुढें पॅरिसमध्यें झाला. तेथें लेखनशिक्षकांचा एक जुना संघ असे. मोफत शाळेंत केवळ दरिद्री ठरलेलीं मुलेंच घ्यावीं, ज्यांचे आईबाप फी देऊं शकतात तीं आमचीं, असा त्यांचा दावा. सालांच्या शाळांत तर सुताराचा मुलगा व दुकानदाराचा मुलगा एकत्र बसत, आणि फी कोणाकडूनच घेत नसत. १७०४ सालीं फिर्याद झाली. निकाल सालांच्या विरुद्ध गेला, १७०६ सालींहि तसाच.

लेखनशिक्षकांच्या पोटाचा प्रश्न होता, हें मान्य केलें पाहिजे. तरी गरिबानें आपलें दारिद्र्य आधीं सिद्ध करावें व मगच अक्षर शिकावें, ही अट मला कठोर वाटते. मी शिकलों त्या शाळेंत फीमाफीच्या मुलांचीं नांवें वर्गांत मोठ्यानें वाचीत. माझें नांव तिसरें असे. वाचन संपेपर्यंत मान वर करण्याचा धीर होत नसे.

१७१९ सालीं गुड फ्रायडेच्या दिवशीं रुआँ येथें साल देवाघरीं गेले. १९०० सालीं त्यांस संतपद मिळालें, आणि १९५० सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते नेमिलें.