वऱ्हाडच्या चळवळीचे कागद विद्यापीठात हवेत

अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ‘बहिष्कृत भारत’मध्ये तिची माहिती मिळते, पण खेड्यांतून कोण आले, वर्गणी कुणी दिली, हे शोधायला अमरावती-अकोल्याच्या घरांतल्या जुन्या पेट्याच उघडाव्या लागतील. १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या संग्रहात हे कागद हक्काने गेले पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

तोवर हँडबिले, इतिवृत्ते लॅमिनेट करू नका. ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. मूळ कागद देताना सहीशिक्क्याची पोच व नोंद क्रमांक घ्या. कागद कुणालाही पाहता येतील, ही अट लेखीच घाला.