मोक्ष नको म्हणणारी माणसं

मागच्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर मी आळंदी ते पुणे चाललो. एकच दिवस. पायात महागडे शूज, पाठीवर सॅक, हातात फोन. दिघीच्या आसपास पाणी प्यायला थांबलो, तर सत्तरीचे एक बाबा आले, वाकून माझ्या पाया पडले, 'माउली' म्हणाले आणि पुढे निघूनही गेले. मी गडबडलोच. आजोबांच्या वयाचा माणूस माझ्या पाया का पडतो?

वारीत ही रीतच आहे. वय, जात, शिक्षण न विचारता समोरच्याच्या पाया पडायचं, कारण समोरच्यातही विठ्ठलच आहे. पण या साध्या रीतीमागे मोठा विचार आहे. आजच्या एपिसोडमध्ये तोच बघू.

आधी मोक्षाचं बोलू. आपल्या परंपरेत मुक्तीचे चार प्रकार सांगतात. सलोकता म्हणजे देवाच्या लोकात राहणं, समीपता म्हणजे त्याच्या जवळ असणं, सरूपता म्हणजे त्याच्यासारखं रूप मिळणं आणि सायुज्यता म्हणजे त्याच्यात मिसळून जाणं. जन्म-मरणाचा फेरा संपला, सुटलो. बहुतेक मार्गांचं शेवटचं स्टेशन हेच.

आणि इथेच वारकरी संत वेगळं काही मागतात. तुकाराम महाराज देवाला सांगतात की मुक्ती नको, पुन्हा जन्माला घाल, फक्त तुझा विसर पडू देऊ नकोस आणि संतांची संगत दे. का? तर देवात मिसळून गेलो की प्रेम कोण कोणावर करणार?

तुम्ही म्हणाल, देव आणि भक्त मुळात एकच असतील, तर भक्तीला दोघं लागतात कशाला? याचं उत्तर ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त दिलंय. एकच डोंगर कोरून त्यातच देव, देऊळ आणि भोवतीचा परिवार घडवता येतो ना? वेरूळचं कैलास लेणं डोळ्यांसमोर आणा. दगड एकच, तरी त्यात देवही आहे आणि हात जोडून उभा असलेला भक्तही. म्हणजे एकपण कळल्यावरही भक्ती उरते.

म्हणून या मार्गाचे नियमही संसार न सोडता पाळता येतील असे आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, हरिपाठ, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर. शेती करा, दुकान चालवा, नामस्मरण चालू ठेवा. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करायच्या, सावता माळी मळ्यात राबायचे. यासाठी संस्कृत यावं लागत नाही. 'ज्ञानेश्वरी' १२९० साली मराठीत सांगितली गेली, तीही याच भूमिकेतून.

ऐकायला फार सुंदर आहे, नाही? मलाही असंच वाटत होतं. मग चोखोबांपाशी आलो आणि अडलो.

चोखामेळा मंगळवेढ्याचे, जातीने महार. मंगळवेढा ते पंढरपूर साधारण २५ किलोमीटर. पंढरपूरचं वैशिष्ट्य असं की इथे भक्त थेट विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतो. चोखोबांना मात्र देवळात पाऊल ठेवायची बंदी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो. डॉक्युमेंटेशनमध्ये ॲक्सेस सगळ्यांना, प्रॉडक्शनमध्ये ठरावीक लोकांनाच.

चोखोबांनी, त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी आणि मुलगा कर्ममेळा याने हे अभंगांतून देवालाच विचारलं. सोयराबाईंचा प्रश्न आजही टोचतो. विटाळ देहाचाच असेल, तर विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखल्या आणि पंढरपूरला आणल्या. समाधी झाली ती महाद्वारासमोर. म्हणजे मेल्यावरही बाहेरच.

आता तो 'पुन्हा जन्म दे' परत आठवा. कोणता जन्म? पुन्हा दाराबाहेर उभं राहायचाच? मोक्ष नको म्हणायला आधी या जगात उभं राहायला जागा लागते, हे मला चोखोबांमुळे कळलं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये संतांवर नेमकी हीच टीका केली होती. माणूस आणि देव यांच्या नात्याबद्दल संत बोलले, माणूस आणि माणूस यांच्या नात्यासाठी त्यांनी लढा उभारला नाही. आणि त्याच बाबासाहेबांनी १९४८ चं अस्पृश्यांवरचं आपलं पुस्तक ज्या तीन संतांना अर्पण केलं, त्यात एक चोखामेळा आहेत. मला या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्याशा वाटतात.

दार शेवटी उघडलं, पण आपोआप नाही. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं तयार केली आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहाव्या दिवशी, १० मे ला, मंदिर सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलं आणि उपोषण सुटलं. चोखोबा जाऊन तेव्हा सहाशे नऊ वर्षं झाली होती.

म्हणून त्या बाबांचं पाया पडणं मला आता वेगळं दिसतं. ते वाकले तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नव्हती. वारीतली ती काही पावलं सगळे सारखे असतात. वारी संपल्यावर घरी, ऑफिसात, लग्नाचा बायोडेटा चाळताना आपण तेवढेच वाकतो का? मी तरी अजून शिकतोय.

पंढरपूरला गेलात तर नामदेव पायरीजवळ घाई करू नका. समोरच चोखोबांची समाधी आहे. आधी तिथे डोकं टेकवा, मग आत जा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. रामकृष्ण हरी!