ठेकेदाराची कुदळ आणि अहवालाची संहिता : दिल्ली परिसरातील उत्खनन-व्यवसायाचा इतिहास

१९६६ साली दक्षिण दिल्लीत, श्रीनिवासपुरीलगतच्या बहापूर गावाच्या हद्दीत नवी वसाहत उभी राहत असताना, एका बांधकाम ठेकेदाराच्या दृष्टीस खडकावर कोरलेली अक्षरे पडली. तो सम्राट अशोकाचा लघुशिलालेख होता. दिल्लीतील अशोकाचे दोन्ही स्तंभ फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा आणि मेरठ येथून आणविलेले. दिल्लीच्याच खडकावरील अशोकलेख मात्र हा पहिला. एम. सी. जोशी आणि बी. एम. पांडे यांनी तो १९६७ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या घटनेकडे सुदैवी योगायोग म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु दिल्लीची भूमी प्रत्यक्षात कोण खणतो आणि त्याविषयी कोण लिहितो, या दोन प्रश्नांची उत्तरे किती भिन्न आहेत हेही तिच्यावरून ध्यानात येते. येथे वाचणारा ठेकेदार भेटला. न वाचणाऱ्यांची नोंद अर्थातच कोठे नाही.

बांधकामापूर्वी भूमीची नोंद करण्याची कल्पना दिल्लीला सर्वस्वी नवी नव्हती. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली. नव्या नगररचनेत कोणत्या जुन्या वास्तू राखाव्या हे ठरविण्यासाठी पाहणी करणे भाग पडले. मौलवी जफर हसन यांनी सिद्ध केलेली दिल्ली प्रांतातील हिंदू व मुसलमान वास्तूंची सूची १९१६ ते १९२२ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाली. प्रत्येक वास्तूचे स्थान, मालकी, स्थिती, शिलालेख आणि जतनाच्या दृष्टीने तिची प्रतवारी असा तिचा आराखडा आहे. बांधकामाच्या गरजेतून निर्माण झालेले पुरातत्त्वीय लेखन या अर्थाने ही सूची आधुनिक व्यावसायिक पुरातत्त्वविद्येची पूर्वज ठरावी. परंतु तिची दृष्टी जमिनीच्या वर जे दिसते तेथपर्यंतच पोहोचते.

हीच मर्यादा पुढील कायद्यांतही कायम राहिली. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन घातले. म्हणजे तेथे वस्तूला किंमत होती, ती ज्या थरात सापडली त्या थराला नव्हती. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९५९ चे नियम यांनी उत्खननासाठी परवाना आवश्यक केला. १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरांचे निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटरांचे नियंत्रित क्षेत्र आखले. २०१० च्या दुरुस्तीने त्यास कायद्याचे पक्के रूप देऊन राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन केले. या वर्तुळांच्या बाहेर, नोएडा, गुरुग्राम किंवा फरीदाबाद येथे वीस-पंचवीस फूट पाया खणणाऱ्यावर आधी पुरातत्त्वज्ञाकडून जमीन तपासून घेण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. ज्ञानासाठी हात-दोन हात खणणाऱ्यास परवाना हवा आणि तळघरासाठी खणणाऱ्यास तो नको, हा विपर्यास कायद्याच्या भाषेत दिसत नाही. जमिनीवर मात्र तो रोज दिसतो.

तुलनेसाठी ब्रिटनचे उदाहरण घेणे सयुक्तिक ठरेल, कारण भारतीय उत्खननशास्त्राचे घराणे तेथलेच. लंडनमध्ये १९८९ साली कार्यालयीन इमारतीच्या पायाभरणीत रोझ नाट्यगृहाचे अवशेष उघडे पडले. एलिझाबेथकालीन रंगभूमीची ती जागा वाचविण्यासाठी मोठे जनआंदोलन झाले. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, इंग्लंडमध्ये नियोजनविषयक मार्गदर्शिका निघाली. बांधकामाची परवानगी मागणाऱ्याने पुरातत्त्वीय तपासणीचा भार उचलावा, हे तत्त्व तिच्यामुळे रूढ झाले. त्यातून निविदा भरणाऱ्या उत्खनन-संस्था, अल्पमुदतीच्या करारांवर गावोगाव फिरणारे खोदकाम करणारे पदवीधर आणि त्यांच्यासाठी आचारसंहिता आखणारी व्यावसायिक संस्था अशी एक संपूर्ण व्यवस्था विस्तारली. ती संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली होती. २०१४ मध्ये तिला राजसनद मिळाली. या व्यवस्थेवरील आक्षेपही गंभीर आहेत. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते, वेतन शिक्षणाच्या मानाने तुटपुंजे असते, आणि प्रत्येक कामाअंती लिहिलेला अहवाल नियोजन कार्यालयाच्या कपाटात पडून राहतो. तेथील अभ्यासक अशा अप्रकाशित अहवालांना करडे साहित्य म्हणतात. परंतु करडे का असेना, साहित्य तेथे निर्माण होते.

भारतात व्यावसायिक दर्जाची कल्पना बाजारातून न येता सेवेतून आली. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ साली तक्षशिलेस प्रशिक्षणवर्ग घेऊन थरांनुसार खणणे, छेदाचे रेखाटन करणे आणि प्रत्येक वस्तूवर थराचा क्रमांक घालणे ही शिस्त एका पिढीच्या अंगी बाणविली. १९५९ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने दिल्लीत स्वतःचे विद्यालय सुरू केले. त्याचीच उत्तराधिकारी असलेली संस्था २०१९ पासून ग्रेटर नोएडात आहे. उत्खननात पुरावा वाचला जाता जाता नष्ट होतो. म्हणून अप्रकाशित उत्खनन हा विध्वंसच होय, हे या परंपरेचे मूलसूत्र होते. साहित्याच्या अभ्यासकास त्यातील पेच चटकन उमगेल : येथे मूळ संहिता एकदाच वाचता येते, आणि वाचनानंतर केवळ भाष्य उरते. दर्जाचा प्रश्न अखेर लेखनाचा प्रश्न होतो तो येथे.

या कसोटीवर दिल्लीचा इतिहास समाधानकारक नाही. पुराना किल्ल्यात ब्रजवासी लाल यांनी १९५४-५५ मध्ये चाचणी उत्खनन केले. १९६९ ते १९७३ या काळात तेथे विस्तृत उत्खनन होऊन मौर्यकाळापासून मोगलकाळापर्यंतचा क्रम उघड झाला. पाठ्यपुस्तकांतून हा क्रम सर्वत्र सांगितला जातो. त्याचा आधार मात्र दीर्घकाळ खात्याच्या वार्षिक समालोचनातील संक्षिप्त टिपणांचाच राहिला. २०१३-१४, २०१७-१८ आणि २०२३ मध्ये त्याच आवारात पुन्हा कुदळ पडली. याच्या जोडीला पुण्याचे डेक्कन कॉलेज ठेवून पाहावे. नेवाशाचे उत्खनन १९५४-५६ चे, ग्रंथ १९६० चा. इनामगावचे काम १९६८ ते १९८३ असे दीर्घकाळ चालले, आणि अहवाल १९८८ मध्ये आला. विद्यापीठीय संस्थेत विद्यार्थ्याचा प्रबंध आणि अध्यापकाची प्रतिष्ठा दोन्ही लेखनावर अवलंबून असतात. खात्यातील अधिकाऱ्याची मात्र अर्ध्यातच बदली होते, टिपणवह्या एका मंडळात आणि खापरे दुसऱ्या मंडळात राहतात, आणि स्मारकांची देखभाल, न्यायालयीन खटले, अतिक्रमणे यांतून अहवालास सवड मिळत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात अन्वेषण आणि उत्खनन यांवरचा खात्याचा खर्च एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचे नमूद आहे. व्यक्तींना दोष देण्याआधी हा आकडा पाहिलेला बरा.

खाजगी पैसा दिल्लीच्या वारशात आलाच नाही असे नव्हे. १९९६ मध्ये राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन झाला. हुमायूनच्या मकबऱ्यावर आगाखान न्यासाने केलेले काम सर्वपरिचित आहे. तेथे पाथरवट, गिलावा करणारे आणि फरशीकाम करणारे कारागीर यांच्या कौशल्यास मान मिळाला. परंतु हा पैसा दृश्य वास्तूकडे जातो, चराकडे क्वचित. भूगर्भाविषयीचे भाडोत्री लेखन दिल्लीत आढळते ते मुख्यत्वे परिणाम-मूल्यांकनाच्या कागदांत. पर्यावरणविषयक २००६ च्या अधिसूचनेतील पहिल्या नमुन्यात प्रकल्पापासून १५ किलोमीटरांच्या आत सांस्कृतिक मोलाचे संरक्षित क्षेत्र आहे काय, असा एक रकाना आहे. सल्लागार तो स्मारकांच्या प्रसिद्ध यादीवरून भरू शकतो. खणून पाहण्याची अपेक्षा तेथे नाही.

याचा परिणाम जुलै २०१२ मध्ये दिसला. जामा मशिदीजवळच्या सुभाष पार्कात मेट्रोच्या भुयारी मार्गाचे काम चालू असता जुन्या भिंती वर आल्या. शाहजहानच्या अकबराबादी बेगमेने सतराव्या शतकात बांधविलेली आणि १८५७ नंतर इंग्रजांनी पाडलेली मशीद ती हीच, असे सांगण्यात आले; तिथे लगोलग नवे बांधकामही उभे राहिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि पुरातत्त्व खात्यास पाहणीचा आदेश झाला. कामाआधीच थरांची नोंद झाली असती, तर वाद टळला असता असे म्हणवत नाही. पण वादाला एक संहिता मिळाली असती. या प्रसंगी पुरातत्त्वज्ञ साक्षीदार म्हणून उशिरा आला, आणि त्याच्याआधी यंत्र आणि जमाव येऊन गेले होते.

या साऱ्या व्यवहारात रोजंदारीच्या मजुराचे स्थान विचित्र आहे. मातीच्या रंगातील फरक आणि कच्च्या विटेची कड कुदळीच्या आवाजावरून ओळखणारा मजूर अनेक हंगामांत तयार होतो. हंगाम सरला की तोच हात एखाद्या इमारतीच्या पायावर कामास लागू शकतो. तेथे भांड्यांचा थर फोडला तरी त्याला कोणी थांबवत नाही, कारण तेथे त्याला ओळखायचे नसून खणायचे असते. उत्खननाच्या अहवालात संचालक, छायाचित्रकार आणि आरेखक यांचे ऋण नावानिशी मानण्याचा रिवाज आहे. मजुरांचा उल्लेख सहसा सामुदायिक असतो, आणि नकाशातील माणसाच्या उंचीची खूण म्हणून छायाचित्रात उभा केलेला मजूर निनावीच राहतो.