श्रीपतची शाळा ते जालन्याचे बेथेल : विद्यार्थ्याचा सांभाळ कोणी करायचा?

१/९
सन १८४३. मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या एका अल्पवयीन मुलाचा ताबा कोणाकडे असावा, यावरून प्रकरण न्यायालयात गेले. मुलाचे नाव श्रीपत शेषाद्री. या खटल्याचा धागा पुढे थेट जालन्यापर्यंत पोहोचतो.

२/९
श्रीपतचा थोरला भाऊ नारायण याच शाळेचा विद्यार्थी. सप्टेंबर १८४३ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यापाठोपाठ श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले.

३/९
परंतु घरी परतणे सोपे नव्हते. मिशनऱ्यांच्या घरचे अन्न सेवन केलेल्या मुलाला ज्ञातीत पुन्हा घ्यावे का, यावर ब्राह्मणांत तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे या मताचे होते. त्यासाठी त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला.

४/९
येथे मूळ पेच स्पष्ट होतो. शाळा चर्चची, शिक्षक धर्मोपदेशक, आणि विद्यार्थी कोवळ्या वयाचा. शिक्षकांना जी माया वाटे, ती पालकांना हिरावणूक वाटे. १८३९ मध्ये याच शाळेतील दोन पारशी तरुणांनी धर्मांतर केले, तेव्हा पालकांनी मुले काढून घेतली आणि पट एकाएकी घसरला होता. विश्वास उडाला, की उत्तम शाळाही ओस पडते.

५/९
नारायण शेषाद्री १८५४ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित पाळक झाले आणि पुढल्या दशकात जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी असलेले हे व्यापारी शहर होते. येथे त्यांच्याकडे आलेली माणसे मुख्यतः मांग समाजातील होती. या मुलांना गावच्या शाळेचे दार बहुधा बंदच असे.

६/९
अशा मुलाला केवळ पाटी-पेन्सिल देऊन भागत नव्हते. धर्म बदललेल्या कुटुंबाचे गावकीतील काम आणि त्यावर मिळणारे धान्य धोक्यात येई. पोट रिकामे असलेले मूल शाळेत टिकणार कसे? नारायणरावांनी याचे उत्तर एका वसाहतीत शोधले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ उभे राहिले. बेथेल म्हणजे ‘देवाचे घर’.

७/९
बेथेलमध्ये प्रार्थनामंदिर होते, शाळा होती, आणि जोडीला शेती व हातचे उद्योगही होते. शिक्षण, निवारा आणि उपजीविका यांची एकत्र सांगड हे या प्रयोगाचे मर्म. ब्राह्मण घरात जन्मलेला मनुष्य मांग कुटुंबांसाठी गाव वसवतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेलाही ते उपस्थित होते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

८/९
तथापि या कार्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मिशनचा अंतिम हेतू धर्मप्रसार होता आणि तो कोणी लपवलाही नाही. आधार देणारा हात आणि उपदेश करणारा हात एकच असेल, तर आश्रिताची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न उरतोच. त्याचबरोबर दुसरा प्रश्नही तितकाच बोचरा आहे : या मुलांना आधीच्या समाजाने शाळेत का घेतले नव्हते?

९/९
१८४३ च्या त्या पेचाला भारतीय राज्यघटनेने उत्तर दिले. अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्यावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. तो अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्कही दिला. चर्चने विद्यार्थ्याला जरूर जवळ करावे, भुकेची, फीची, वसतिगृहाची काळजी वाहावी. मात्र त्या मायेची किंमत त्याच्या श्रद्धेतून वसूल होऊ नये. श्रीपतचा खटला आणि जालन्याचे बेथेल एकत्र वाचले, तर हाच बोध हाती लागतो.