मिरजेचा सूर आणि सुफींचा ‘वक्त’

सुफी परंपरेने साधकाला एक अर्थपूर्ण नाव दिले आहे : ‘इब्नुल वक्त’, म्हणजे क्षणाचा पुत्र. अकराव्या शतकातील इमाम कुशैरी यांच्या ‘रिसाला’त या ‘वक्त’ची चर्चा आहे. गेल्या काळाचा शोक आणि उद्याची चिंता बाजूला ठेवून समोरच्या क्षणाचे कर्तव्य निभावणे, हा तिचा आशय. नक्शबंदी सिलसिल्यात यालाच ‘होश दर दम’ म्हणतात. प्रत्येक श्वास जागेपणी घेणे. जिक्र आणि मुराकबा ही त्यासाठीची साधने. मन हजर नसेल तर नमाजसुद्धा नुसती उठबस ठरते, हे आपले बुजुर्ग सांगत आले आहेत.

ही साधना खानकाहपुरती राहिली नाही. सातारा-सांगलीच्या मुलखात ती सुरांत उतरली. मिरजेच्या ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी हाजिरी म्हणून गायन केले. त्यांचा जन्म उत्तरेतील कैराना येथला, पण मिरज हेच त्यांचे घर झाले. किराना गायकीत एकेका सुराला जो ठहराव असतो, तो घाईच्या माणसाला साधत नाही. पुढचा सूर मनात आला की हातातला निसटतो.

या सूक्ष्म श्रवणाला अभ्यासाचीही जोड मिळाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या मोजमापासाठी खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य घेतले. १९१० मध्ये देवलांचे बावीस श्रुतींवरील पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्यासह त्यांनी साताऱ्यात संगीतविषयक संस्था स्थापली. एक मुसलमान गवई, एक ब्राह्मण अभ्यासक आणि एक इंग्रज अधिकारी एकाच सुराकडे कान लावून बसले होते, ही गोष्ट आपल्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मिरजेचे सतारमेकरही याच वाटेचे वाटसरू. मूळची शस्त्रे घडवणारी, त्यांना धार लावणारी ही शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा तंबोऱ्यासाठी निवडायचा, घोडी घासून जवारी लावायची, हे काम कानाच्या जोरावर चालते. त्यात लक्ष क्षणभर ढळले तरी तार बोलत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना खाँसाहेबांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर ते उतरले. तंबोरा जुळवून दरबारी रागात प्रार्थना करीतच त्यांनी प्राण सोडला, असे सांगितले जाते. ते चिरविश्रांती घेत आहेत मिरजेच्या दर्ग्यात.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्यात जुना आहे. तो येथे सोडवायचा नाही. प्रश्न साधनेच्या हेतूचा आहे. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात कमानीवरच्या एका चित्रावरून याच मिरजेत दंगल उसळली आणि तिची झळ सांगलीपर्यंत पोहोचली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे वैर आजच्या रस्त्यावर आणले की माणूस ‘वक्त’ गमावतो. समोर उभा असलेला शेजारी त्याला दिसेनासा होतो. जिक्राने श्वास सावध होत असेल, तर त्या सावधपणाची खरी परीक्षा तसबीह खाली ठेवल्यानंतर, अफवा कानावर पडते त्या क्षणी होते. तिथे जो थांबतो आणि शेजाऱ्याचे दार ठोठावून विचारपूस करतो, त्याची साधना फळाला आली.